अर्ध्या तासाचा ट्रॅक्टर

१० जुलै २०१६, रविवार

ही वही बचत गटाची आहे. पुढच्या पानांवर बायांचे अंगठे आहेत म्हणून मी मागून सुरू करून राहिली. सूनबाईनं दिली. प्रतिक्षा म्हणे, "आई, तुम्ही दिवसभर बोलता, थोडं लिहून काढा, म्हणजे पोरगी झोपन." पोरगी म्हणजे माझी नात गुंजन, तीन महिन्याची. माझा आवाज आला की टुकूर टुकूर पाहते. हसली की एकाच गालाले खळी पडते, उजव्या. तिच्या आज्यालेही, माझ्या मालकाले, उजवीच होती. हे मी सगळ्या गावाले दाखवून झालं, आता पाहुण्यांची वाट पाहून राहिली.

आमच्या गटातली शकुबाई म्हणते लिहिल्यानं मन हलकं होते. मले हलकं नाही करायचं. मले विसरायचं नाही आहे. मी तिसरी शिकली, चुका होतील. ज्याले वाचायचं नाही त्यानं वाचू नये.

आज सकाळी गोठ्यातून आली तर इश्वर आमच्या ट्रॅक्टरजवळ उभा. इश्वर माझा चुलत दीर. अकरा वर्षं झाली, आमचं बोलणं बंद आहे. बोनटवर हात ठेवून उभा होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मले पाहिलं आणि चालता झाला. गुंजनच्या आज्यानं हा ट्रॅक्टर आणला तवा चालवायले इश्वरनंच शिकवलं होतं, ते खरं. पण ते आधीचं. मंग एका वर्षी पावसाचं पाणी तुटलं, आणि आमच्या दोघांच्या बोडीची, धानाले पाणी देणाऱ्या तळ्याची, पार त्याच्या बाजूनं फुटली. सगळं पाणी त्याच्या धानाच्या बांधीत. आमचं धान गर्भात होतं, लोंबी निघायची होती, उभंच्या उभं वाळलं. इश्वर म्हणे, वयनी, खेकड्यानं बीळ केलं होतं. खेकडा. अकरा वर्षं झाली, मी त्या खेकड्याले शोधून राहिली.

तो गेल्यावर मी ट्रॅक्टर पुरा तपासला. डिझलच्या टाकीच्या झाकणाले भोक दिसलं, बारीक. मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ढोरांच्या डॉक्टरची सुई बरोबर जाईल एवढं. त्यातून पाणी सोडलं की काम झालं. विळ्याची मूठ बसवायची लाख घरात होती, ती चुलीवर तापवली आणि भोक बुजवून टाकलं. वरून अंगठ्यानं गुळगुळीत केलं. आता ये म्हणा.

१२ जुलै, मंगळवार

ट्रॅक्टर बंद पडला.

गावातल्या तुलारामच्या बांधीत धान रोवायले चिखल करणं चालू होतं. लोखंडी चाकं लावून अर्धा तास चांगला चालला, मंग आवाज खाली-वर, खाली-वर, आणि चूप. धूर काळा नाही, पांढरा नाही. माझा प्रविण उतरला आणि गुडघाभर चिखलात इंजनाकडे पाहत राहिला. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, होती. मले तर तवाच कळलं. म्हणजे मी लाख लावायच्या आधीच तो चांडाळ आपलं काम करून गेला होता.

प्रविणले सांगितलं. तो म्हणे, "माय, इश्वरकाका कायले करन?"

"त्याले विचार."

"तू बोलू देतेस का त्याच्याशी?"

पोरगा बापावर गेला, भांडता येत नाही. संध्याकाळी जेवताना म्हणे, यंदाचा हंगाम या ट्रॅक्टरवर टाकला आहे, चार लोकांले चिखल करून द्यायचा शब्द दिला आहे. शब्द गेला तर ट्रॅक्टर विकतो आणि वरठीले कारखान्यात लागतो. ठेकेदार बोलावून राहिला. मंग प्रतिक्षाले आणि पोरीले घेऊन तिकडंच राहतो.

मी म्हटलं जा ना, कोण अडवते. वरठी काही लांब नाही. सणाले येतीन. खळी दिसायले सणाची वाट पाहीन मी.

मंग मले जेवण गेलं नाही. इश्वरनं डिझलात हात घातला आणि निघाली माझी नात. हे त्याले पचू देणार नाही.

१३ जुलै

लाखांदूरहून खुशाल मिस्त्री आला. चांगला मिस्त्री आहे. अर्जुनीले शिकला, आता ते गोंदिया जिल्ह्यात गेलं, पण हात तोच आहे. डिझलचं फिल्टर बदललं, पंपाजवळचा बोल्ट ढिला करून हवा काढली, फेस येऊन येऊन मंग साफ डिझल आलं. ट्रॅक्टर चालू. आंगणात दुपारभर चालला, बोनटवर ठेवलेली वाटी थरथरून राहिली होती पण आवाज एकसारखा.

मी त्याले मासोळी आणि भात वाढला आणि हळूच म्हटलं, "खुशाल, यात साखर टाकली आहे कोणीतरी."

"मावशी, साखर डिझलात विरघळतच नाही."

"मंग लोकं कायले टाकते?"

"सिनेमात टाकते, मावशी. थोडा रस्सा द्या."

१४ जुलै

बांधीत नेला, अर्ध्या तासात बंद. खुशालनं हवा काढली, चालू. अर्ध्या तासात बंद. बाया हसून राहिल्या, म्हणे सत्यभामाबाईचा ट्रॅक्टर अर्ध्या तासाचा आहे. हसणाऱ्यांची नावं मी ध्यानात ठेवली.

मी टाकीतलं डिझल काचेच्या बाटलीत काढलं आणि चुलीमागं ठेवलं. पाणी असलं तर खाली बसते. सकाळपासून सांजपर्यंत दहा खेपा पाहिलं. पाणी नाही. साखरही नाही. म्हणजे तिसरंच काही आहे. इश्वर हुशार आहे, ते मी आधीपासून म्हणते.

थोडा वेळ असंही वाटलं की कदाचित त्यानं नसन केलं. मंग खेकडा आठवला.

आता माझं ऐका. मी ट्रॅक्टर चालवत नाही, मले पंप समजत नाही. पण गावातल्या रोवण्याच्या चौदा बाया माझ्या म्हणण्यात आहेत. कोणाच्या बांधीत कोणत्या दिवशी रोवणा, हे मी ठरवते. उद्या इश्वरची पाळी. त्याच्या धानाचे पऱ्हे एक महिन्याचे झाले, आणखी जुने झाले की रोप बांबूवानी होते, फुटवे फुटत नाही. माझ्याकडे पंप नाही. माझ्याकडे बाया आहेत.

१५ जुलै, शुक्रवार

आज लय बरं वाटून राहिलं.

बायांले घेऊन इश्वरकडं नाही, कृष्णरावच्या बांधीत गेली. वाट इश्वरच्या धुऱ्यावरूनच जाते. बायांले म्हटलं, गाणं म्हणत चला. इश्वर आणि त्याची बायको रुखमा पहाटेपासून पऱ्हे उपटून बसले होते, बांधीभर जुड्या मांडून ठेवल्या होत्या. आम्ही आलो पाहून तो उभा झाला, डोक्याचं फडकं काढून हात पुसले. आम्ही थांबलो नाही. चौदा बाया आणि पंधरावी मी.

"वयनी," तो म्हणे. अकरा वर्षांनी. "वयनी, आज माझी पाळी होती ना वो?"

मी शकुबाईले म्हटलं, मोठ्यानं, "शकुबाई, कोणी काही म्हटलं का? खेकडा असन."

दिवसभर मी सगळ्यांच्या पुढं रोवत राहिली. पाठ दुखली नाही. घरी येऊन गुंजनले सगळं सांगितलं, ती खळी पाडून हसली. तिले समजते.

१६ जुलै

रुखमा आली. दारातच उभी राहिली. मी बसवलं, चहा केला, बिनसाखरेचा. एक घोट घेऊन तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "साखर आमच्या डिझलात गेली."

ती म्हणे, "बाई, उपटलेले पऱ्हे पाण्यात ठेवले आहेत. खालून काळे पडून राहिले. आमच्या घरच्यायनं रात्री जेवण केलं नाही. तुमचं कायचं भांडण आहे ते तुम्ही भांडा, पण रोपायनं काय केलं?"

चहा मात्र पुरा पिऊन गेली. रुखमाशी माझं वाकडं नाही. आम्ही एकाच वर्षी या गावात आलो, एकाच विहिरीवर पाणी भरलं. ती पडवीतून उतरताना पाय घसरला तर मी हात धरला. धरल्यावर आठवलं की धरायचा नव्हता.

रोपायनं काही केलं नाही, हे खरं आहे. आमच्या धानानं तरी काय केलं होतं?

१७ जुलै, रविवार

खुशाल म्हणे, आता पंप काढून लाखांदूरले न्यावा लागन, पाच-सहा दिवस तरी जातीन. प्रविण उठला. फोन घेऊन बाहेर गेला. मी गुंजनले तेल लावत होती, आयकू आलं. वरठीच्या ठेकेदारानं बुधवारी बोलावलं. ट्रॅक्टर पाहायले गिऱ्हाईक मंगळवारी येते.

प्रतिक्षा आत गेली आणि पेटीवरचे कपडे काढून पेटी पुसत बसली. मी तेल लावत राहिली. इतकं लावलं की पोरगी हातातून सुटून राहिली होती.

प्रविणले म्हटलं, "उद्याचा एक दिवस पाहू. तुलारामची बांधी तेवढी पुरी करू, त्याले शब्द दिला आहे." तो म्हणे, बरं.

१८ जुलै, सोमवार

आज जे झालं ते नीट, एकामागं एक लिहिते. माझा मलेच भरवसा नाही, उद्या मी वेगळं सांगीन.

सकाळी तुलारामकडं ट्रॅक्टर अर्धा तास चालला. बंद पडायच्या आत बाहेर काढावा म्हणून प्रविणनं परत वळवला, तर पांदणीच्या अरुंद वाटेच्या तोंडावर येऊन बंद. बरोबर आडवा. मागून इश्वर आपला ट्रॅक्टर घेऊन आला. जागा नाही. एका अंगानं नाला, दुसऱ्या अंगानं बाभळी. रोवण्याले निघालेल्या माझ्या बायाही तिथंच अडकल्या, धुऱ्यावर ओळीनं बसल्या, तमाशा पाहायले बसावं तशा.

इश्वर उतरला. माझ्याकडं पाहिलं नाही. प्रविणले म्हणे, "किती वेळ चालते गा?"

"अर्धा तास, काका."

"आंगणात?"

"आंगणात दिवसभर चालते. बांधीत जोर लागला की मरते."

"मरते तवा एकदम मरते, का खाली-वर होऊन?"

"खाली-वर होऊन. डिझल मिळत नसल्यावानी. पण टाकी भरून आहे."

पंप न्यायले आलेला खुशाल म्हणे, "पंप गेला आहे."

"पंप गेला असता तर आंगणात चालला नसता, खुशाल. हवा काढतो तवा चालू होते ना? हवा काढायच्या आधी काय करतो?"

"काय करतो म्हणजे? टाकीत डिझल पाहतो."

"झाकण उघडून?"

"झाकण न उघडता कसा पाहीन?"

इश्वर हसला नाही. हळूच ट्रॅक्टरवर चढला, टाकीवर कान ठेवला. मंग झाकण फिरवलं. सुस्स असा आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. लेकरू रडून रडून दमते आणि मंग लांब श्वास ओढते, तसा.

"आत पोकळी झाली होती," तो म्हणे. "डिझल खाली जाते तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. हवा येत नाही, तर टाकी डिझल सोडत नाही. आंगणात डिझल थोडं लागते, म्हणून कळत नाही. झाकणाले हवेचं भोक असते."

मी तवा धुऱ्यावर उभी होती. लाख लावलेला अंगठा मी पदरात लपवला.

त्यानं झाकण उलटं-सुलटं केलं, अंगठा फिरवला, नखानं खरवडलं. नखाले लालसर लागलं. लाख कशी दिसते ते या गावात कोणाले सांगावं लागत नाही. त्यानं नख पाहिलं. मंग एकदाच माझ्याकडं पाहिलं.

मी मनात म्हटलं, बोल. चौदा बाया आहेत, मिस्त्री आहे, माझा पोरगा आहे. अकरा वर्षं वाट पाहिलीस, बोल. प्रतिक्षानं पुसलेली ती वरठीची पेटी म्हणजे माझ्याच हातानं भरल्यावानी होती.

तो म्हणे, "कुंभारीणमाशीनं घर केलं गा, प्रविण. मातीचं." आणि अंगठा धोतराले पुसला. खुशालच्या पेटीतली तार घेऊन भोक मोकळं केलं, तोंडानं फुंकलं, झाकण लावलं. "आता सेल मार."

ट्रॅक्टर सांजपर्यंत चालला. तुलारामची बांधी झाली, कृष्णरावची दुसरी बांधी अर्धी झाली. खुशाल जाताना कुंभारीणमाशीले शिव्या देऊन राहिला होता. बायांनीही दिल्या. मीही दोन दिल्या.

१९ जुलै

गिऱ्हाईक आलं. प्रविणनं चहा पाजून परत पाठवलं. पण ठेकेदाराले अजून नाही म्हटलं नाही. म्हणे, माय, दोन दिवस पाहू दे, या ट्रॅक्टरचा विश्वास उडाला आहे माझा.

मी कालपासून एकच गोष्ट कालवून राहिली. इश्वर इतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलला, डोळ्याची पापणी हलली नाही. माशी म्हणे. सगळ्यांनी मानलं. म्हणजे तो खेकडाही असाच होता. आता पक्कं झालं.

पण तो माशी कोणासाठी बोलला, तिथं आलं की माझं गाडं अडते. त्यानं सांगितलं असतं तर प्रविणनं माझं तोंड पाहिलं नसतं. माझ्यासाठी बोलला म्हणावं तर, मी त्याचे पऱ्हे सडवले. माणूस असं कायले करन? खूप विचार केला आणि मले समजलं. त्याले माझ्यावर उपकाराचा हात ठेवायचा आहे. उद्या बोडीच्या पाण्याची गोष्ट निघन, आणि तो नुसतं नख पाहीन. मी चूप. जन्मभर चूप. असा उपकार म्हणजे गळ्यातली दोरी आहे.

मी चूप बसणारी बाई नाही. त्याच्या हातात काही ठेवायचंच नाही.

पण प्रविणले कळलं आणि तो रागानं निघून गेला तर? गुंजनच्या झोळीजवळ बसून लिहून राहिली. तीही झोपली नाही. दोघी एकमेकीकडं पाहून राहिलो.

२० जुलै, बुधवार

बायांले घेऊन इश्वरच्या बांधीत गेली. न सांगता गेली. रुखमा पदर तोंडाले लावून उभी राहिली, मी म्हटलं, "रडायचं असन तर नंतर रड, आधी जुड्या दे."

काळ्या पडलेल्या जुड्या फेकल्या, वाफ्यात राहिलेले पऱ्हे उपटून घेतले, ते हातभर वाढले होते. शेंडे छाटायले लावले आणि एका जागी चार-चार काड्या, जवळ जवळ. फुटवे नाही आले तरी काड्यांनी भरून काढायचं. बाया कुरकुरल्या. कुरकुरू दिलं.

इश्वर आला. पलीकडच्या बांधीत प्रविण चिखल करत होता, त्याले हाक मारून मी ट्रॅक्टर बंद करायले लावला. मंग कंबर सरळ केली आणि सगळ्यांच्या समोर म्हटलं, "इश्वर, कुंभारीणमाशी नव्हती. मी लाख लावली होती त्या भोकाले. तू सुईनं पाणी सोडशील म्हणून."

बाया रोवता रोवता थांबल्या. मंग शकुबाईले हसू आलं. ती हसता हसता चिखलात बसली, तिच्या मागं दुसरी, मंग सगळ्या. पऱ्ह्यांच्या जुड्या पाण्यात तरंगून राहिल्या.

इश्वर हसत नव्हता. म्हणे, "कायले सांगितलं, वयनी? मी बोललो नसतो."

"म्हणूनच सांगितलं."

त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. हात रिकामे, नख रिकामं. मंग त्याले पण हसू फुटलं, आवाज करून. गुंजनचा आजा गेला त्याच्याही आधीपासून मी त्याले असा हसताना पाहिला नव्हता. डोळे पुसत पुसत म्हणे, "मंग खेकड्याचं आता तरी पटलं का, वयनी?"

"नाही," मी म्हटलं.

प्रविण ट्रॅक्टरवर तसाच बसून होता. माझ्याकडं पाहिलं, चालू केला आणि गेला.

२२ जुलै

प्रविण दोन दिवस बोलला नाही. वाढलं ते खाल्लं. मीही बोलली नाही, वाट पाहत राहिली. पेटी तशीच होती, पुसलेली, उघडी.

आज दुपारी ठेकेदाराचा फोन आला. प्रविणनं माझ्यासमोरच उचलला. म्हणे, "नाही जमत भाऊ. इश्वरकाकाचा ट्रॅक्टर आणि आपला, दोन्ही मिळून सगळ्या गावचा चिखल घेतला आहे." फोन ठेवला आणि मले म्हणे, "माय, ट्रॅक्टरले आणखी कुठं कुठं लाख लावली ते आताच सांगून दे."

"कुठंच नाही."

"बाटलीतलं डिझल तरी परत टाक."

टाकलं. प्रतिक्षानं पेटी बंद करून त्यावर गुंजनचं अंथरूण घातलं, ऊन दाखवायले.

सांजच्या वेळी गुंजनले कडेवर घेऊन धुऱ्यावर गेली. इश्वरच्या बांधीतली पहिली ओळ माझ्या हातची आहे. दोरी न लावता रोवलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसुद्धा काडी इकडंतिकडं नाही. चुलत वयनीनं रोवून दिली म्हणून गावभर होईल. येता-जाता त्याले तीच दिसन, कापणी होईपर्यंत. जळू दे.